तिसऱ्या सिलिंडरचा ताप

विमान उडायला ठीक आहे अशी सही केली की विद्याधर आठल्यांच्या पदरात नोकरीचं आणखी एक वर्ष पडणार होतं. पगार बेताचाच, पण लक्ष्मी गेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांना सकाळी साडेआठला कुलूप लावायला कारण मिळणार होतं, आणि साठी उलटलेल्या विधुराला असं कारण सहसा कोणी देत नाही.

मुदतवाढीचा कागद कॅप्टन बुंदेलांच्या खिशात होता. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख, आठल्ये तिथले मेकॅनिक.

"आठल्येजी, तीन नंबर गरम दिखा रहा है तो मीटर झूठा होगा. लिख दीजिए. कल बच्चों की उड़ान है."

शिकाऊ विमानाच्या इंजिनातल्या चार सिलिंडरांपैकी तिसऱ्याच्या एक्झॉस्टचं तापमान बाकीच्यांहून शंभर अंशांनी चढत होतं. आठल्यांनी तिसऱ्याचा तापमापक पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला, आणि इंजिन फिरवलं. ताप तिसऱ्यालाच राहिला.

"मीटर सच्चा है, साहब."

"आप तो मीटर के वकील निकले!"

मग चारही सिलिंडरांना पेट्रोल देणाऱ्या तोट्या काढून त्यांनी प्रत्येकीखाली एकसारखा काचेचा पेला ठेवला. पेले घरचे; अनुसूयाबाई गेल्यापासून घरात एकच लागे. पंप सुरू केला. तीन पेले सारखे भरले, तिसऱ्या सिलिंडरचा बोटभर कमी. त्याच्या तोटीत मोहरीहून बारीक काळा कण अडकला होता. पेट्रोल कमी, म्हणून ताप जास्त. तोटी धुऊन बसवली, इंजिन पुन्हा फिरवलं. चारही आकडे शहाण्या मुलांसारखे एका रांगेत.

बुंदेलांनी पेन पुढे केलं. "वाह! अब तो ठीक?"

आठल्ये तो कण नखावर घासून पाहत होते. रबर. म्हणजे पेट्रोलच्या नळीचं अस्तर आतून सुटत होतं. ती नळी दीड वर्षापूर्वी त्यांनीच बसवली होती, जुन्या साठ्यातली. त्या आठवड्यात अनुसूयाबाई दवाखान्यात होत्या. मुदतीची तारीख वाचायची राहून गेली.

नोंदवही सांभाळणारा रमाकांत खेर, मराठी बोलणारा तिथला दुसरा आणि शेवटचा माणूस, कानाशी लागला.

"काका, नळी चुपचाप मागवून घेऊ ना. कुणाला पता लागतो? चार दिवस तर उडेल!"

"आणि दुसरा कण सुटला तर?"

"सुटला तर बघू."

"कोण बघणार? वर जे पोरगं बसलं असेल ते?"

"अहो, पण वहीत तुमचंच नाव येतंय!"

"माझंच आहे रे. दुसऱ्याचं कुठून आणू?"

त्यांनी लिहिलं: नळी बदलेपर्यंत विमान उडू नये. खाली कारण, आणि त्याखाली चूक कोणाची तेही.

बुंदेलांनी वाचलं. खिशाकडे गेलेला हात मोकळाच परत आला. "ऐसी गलती के बाद एक्सटेंशन कैसे दूँ? आप ही बताइए."

आठल्यांनी मान डोलावली. त्यांनाही पटलं.

दिल्लीहून नळी पाचव्या दिवशी आली. मुलांचे पाच दिवस गेले. बुंदेलांनी पाच दिवस पालकांची बोलणी खाल्ली. रमाकांतचं काहीच गेलं नाही. कामावरचं त्याचं मराठी तेवढं बंद झालं. आठल्यांच्या बाजूला मांडायचं ते असं: रिकामपणाचा पहिला दिवस सोमवार होता, त्यानंतर कोणाशी बोलायची वेळ आली ती थेट शनिवारी; भाजीवालीने "बाबूजी, क्या दूँ?" म्हणून विचारलं, तेव्हा 'भेंडी' म्हणण्याआधी त्यांना दोनदा घसा खाकरावा लागला.