बी त्यांचं, रान माझं

“आई, लास दास, राहू दे ते! दहाला तीन मिनिटं कमी आहेत. बंद कर ती शेगडी.”

“दोनच राहिल्यात,” प्रभाबाई म्हणाल्या आणि डाव्या हातातल्या झाऱ्यानं कोथिंबीर वडी उलटली. उजवा हात ओढणीखाली होता. मनगटापासून कोपरापर्यंत बांधायचा पट्टा फ्रिजवर पडला होता. क्रांतीची नजर नेमकी तिथंच गेली.

“आणि शीन, तो पट्टा, का काढलास?”

“पाहुण्यासमोर काय ते आजारपण मिरवायचं?”

“पाहुणा नाहीये तो! तुझा हात बघायला येतोय.”

“हात बघायला येवो नाहीतर तोंड. दारात आला की पाहुणाच.”

बेल वाजली. बैठकीत सोफ्यावरची उशी तिसऱ्यांदा सरळ करणारे सुखदेवराव म्हणाले, “घ्या. दहा म्हणजे दहा.”

दीड वर्षापूर्वी ब्राउनश्वाइगच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर उभ्या व्हॅनचं दार अचानक उघडलं होतं, आणि प्रभाबाईंची सायकल त्या दारावर आपटली होती. पस्तिसाव्या वर्षी याच गावात त्या सायकल शिकल्या. हिंगोलीकडच्या आपल्या बहिणीला फोनवर ओरडून सांगितलं होतं, मला चालवता येती गं! त्या दिवशी पुढच्या टोपलीत तुर्की दुकानातल्या कोथिंबिरीच्या चार जुड्या होत्या. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांना आधी जुड्याच दिसल्या. हात नंतर दिसला.

तीन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं, पण शीर दुखावलेली राहिली. मूठ मिटत नव्हती, हात खांद्याच्या वर जात नव्हता. व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीनं एक रक्कम देऊ केली. सही करा, मिटवून टाका, पुन्हा काही मागायचं नाही, आणि उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत. पत्राची भाषा सभ्य होती. बाई नोकरी करत नाहीत, मग नुकसान ते किती, हे दोन ओळींच्या मध्ये लिहिलं होतं. वकीलबाई, फ्राउ लिंडेमान, ते पत्र वाचून लाल झाल्या. या देशात घर चालवणारा हात गेला तर तेही नुकसान धरतात, त्या म्हणाल्या. तासांवर मोजतात, आयुष्यभराचं मोजतात. पण कोर्टात जायचं तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. जो हरतो तो दोन्ही वकिलांचा, कोर्टाचा, तज्ज्ञ डॉक्टरांचा, सगळ्यांचा खर्च भरतो.

वकिलाचा खर्च देणारा विमा सुखदेवरावांनी घर घेतलं त्या वर्षी बंद केला होता. सरकारी मदत मिळावी एवढा त्यांचा पगार कमी नव्हता, आणि हरण्याची जोखीम घ्यावी एवढा जास्तही नव्हता. कारखान्यात सध्या आठवड्याला तीनच दिवस काम होतं. मग लिंडेमानबाईंनी तिसरी वाट दाखवली. दुसऱ्याच्या दाव्यात स्वतःचे पैसे घालणाऱ्या कंपन्या असतात. त्यातल्या एका छोट्या कंपनीतले ओल्टमान नावाचे गृहस्थ आज आले होते. त्यांनी नाही म्हटलं, तर पुढच्या शुक्रवारी त्या पत्रावर सही करण्यावाचून इलाज नव्हता.

ओल्टमान उंच, पांढऱ्या भुवयांचे. सांगण्याआधीच त्यांनी बूट काढले. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर क्षणभर थांबले, मान हलकी लववली आणि बसले.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. क्रांती मराठीत सांगत होती; मराठी अडलं की जर्मनच शब्द ठेवून पुढे जात होती. प्रभाबाईंना बाजारापुरतं जर्मन येत होतं. हे जर्मन बाजारातलं नव्हतं.

“कोर्टाची फी, आपला वकील, तज्ज्ञ, सगळं ते भरणार. आपण जिंकलो तर खर्च वजा करून जे राहील त्यातले शंभराला तीस त्यांचे, सत्तर आपले. हरलो तर समोरच्यांचा खर्चसुद्धा तेच भरणार.”

प्रभाबाईंचा चेहरा एकदम उजळला.

“म्हणजे बटई की गं ही!”

“वास? म्हणजे काय?” क्रांतीनं विचारलं.

“बटईनं रान करणं. बी त्यांचं, रान माझं. पिकलं तर वाटा.” त्या सुखदेवरावांकडे वळल्या. “अहो, सांगा ना तिला.”

सुखदेवराव हसले. आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या त्या माणसानं जर्मनमध्ये बटई समजावून सांगितली. दुसऱ्याचं बियाणं, आपली मेहनत. ओल्टमान पुढे सरकून ऐकत होते. “गेनाऊ,” ते म्हणाले. “अगदी असंच.”

“आता विचार त्यांना,” प्रभाबाईंनी लेकीला खूण केली. “आमच्याकडं पीक बुडालं की बीसुद्धा माझ्या बापाच्याच माथी यायचं. तोंडी कबूल एक, खळ्यावर एक. यांच्या कागदात काय हाय?”

ओल्टमाननी करारातलं कलम काढून त्यावर बोट ठेवलं. हरल्यास बाईंकडून काहीही परत मागता येणार नाही. प्रभाबाईंनी क्रांतीकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली.

“आणि मधेच ते विमावाले मिटवू म्हणाले तर? कोण ठरवणार?”

“दोघांनी मिळून. तुम्ही आम्हाला न विचारता मिटवायचं नाही, आम्ही तुम्हाला.” ओल्टमानना हसू आलं. “फ्राउ खिल्लारे, हा प्रश्न मला सहसा वकील विचारतात.”

“चहा थंड होतोय,” प्रभाबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतः उठून ताटली आणली, डाव्या हाताच्या तळव्यावर तोलून. आपल्यासमोर बसलेल्याचं ताट रिकामं दिसलं की प्रभाबाईंना गप्प बसवत नसे. ओल्टमान नको म्हणेपर्यंत सात वड्या पोटात गेल्या होत्या. फार सुंदर, ते म्हणाले. आणि मग, रुमालानं बोटं पुसता पुसता, त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“मला एक अप्रिय गोष्ट विचारली पाहिजे,” ते म्हणाले. “दाव्यात लिहिलंय की बाईंना दोन माणसांचा स्वयंपाकही करता येत नाही. मी आत्ता जे खाल्लं ते कुणी केलं?”

“आईनं,” क्रांती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

“विमा कंपनीचा तज्ज्ञही एक दिवस असाच येईल. तोही खाईल. मग लिहील.” त्यांनी फाइल उघडली. “शिवाय ही दुखण्याची रोजनिशी. रोज लिहायला लिंडेमानबाईंनी सांगितलं होतं ना? एकशे बेचाळीस दिवस. प्रत्येक दिवशी एकच वाक्य. ‘आज बरं आहे.’ आणि अपघाताआधीच्या कामाचा तक्ता. स्वयंपाक, रोज एक तास. एक तास, फ्राउ खिल्लारे?”



“मी सांगितलं होतं!” क्रांती आईवर कडाडली. “किती वेळा सांगितलं, जे होतं ते लिही म्हणून! आणि तू ‘बरं आहे, बरं आहे’!”

“कोर्टाच्या कागदावर रडगाणं लिहायचं?” प्रभाबाई खाली बघत म्हणाल्या. “कसं हाय विचारलं की बरं हाय म्हणायचं. आमच्या आईनं तेच शिकवलं.”

“आणि दुखलं तर? कुणाला सांगायचं?”

“ती जात्याला सांगायची.”

ओल्टमाननी फाइल मिटली. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “सहकाऱ्यांशी बोलतो,” ते म्हणाले. “पण या कागदांवर मला कठीण दिसतंय.”

“मूळ वही आहे का?” जाता जाता त्यांनी सहज विचारलं. “भाषांतर कुणी केलं?”

“मीच,” क्रांती म्हणाली. तिला मराठी सगळं समजे. वाचायचं म्हटलं की अक्षर अक्षर जुळवावं लागे. तिनं टीव्हीखालच्या कपाटातून वही आणली. “हे बघा, ही तारीख. हे ‘आज बरं आहे’. खाली तिची गाणी आहेत. ती नेहमी गाणी लिहिते, म्हणून ती सोडून दिली.”

“कुठली गाणी?” सुखदेवरावांनी विचारलं.

“राहू द्या हो,” प्रभाबाई पटकन म्हणाल्या. “असंच कायतरी.”

पण वही सुखदेवरावांच्या हातात गेली होती. चष्मा कपाळावरून नाकावर आला. अक्षर डाव्या हाताचं, तिरकं, वाऱ्यानं वाकलेल्या ज्वारीसारखं. ते मनात वाचायला लागले आणि मग, का कोण जाणे, मोठ्यानं वाचू लागले.

“उजव्या माझ्या हाता, किती धरशील अबोला,
डाव्यानं वाढला भात, ताटाबाहेर सांडला.”

त्यांनी पान उलटलं.

“लोणच्याच्या बरणीला फिरकीचं टोपण घट्ट,
दातानं ओढलं तरी बरणीचा सुटेना हट्ट.”

क्रांती भाषांतर करत होती. बरणीपाशी ओल्टमानना हसू आलं आणि लगेच मावळलं. पुढचं पान मार्चमधलं होतं.

“वेणी घालाया बसले, पेड हातातून सुटले,
लेकीला म्हणाले मी, मोकळे केस बरे वाटले.”

क्रांतीच्या तोंडून जर्मन शब्द येईना. त्या दिवशी तिनं आईला म्हटलं होतं, वा, मोकळे केस! मॉडर्न दिसतेस. फोटोसुद्धा काढला होता. तो फोटो अजून तिच्या फोनवर होता.

“पुढे?” ओल्टमान हळू म्हणाले.

सुखदेवरावांनी पुढचं पान उघडलं. डोळे ओळीवरून फिरले आणि ते थांबले. वही त्यांनी क्रांतीपुढे केली. क्रांतीनं एक एक अक्षर जुळवत वाचलं, शाळेतल्या पहिल्या धड्यासारखं.

“म-न-ग-टाच्या वाटेनं मुंग्यांची निघे रांग,
ध-नी थकून निजले, कशी देऊ त्यांना जाग.”

“द्यायची होतीस जाग,” सुखदेवराव म्हणाले.

“तुमची सकाळची शिफ्ट असायची की हो.”

ओल्टमाननी वही मागितली. एक अक्षर कळत नसताना त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. “प्रत्येक कवितेवर तारीख आहे,” ते म्हणाले. “न्यायाधीशाला कवितेतलं काही कळेल न कळेल. तारखा कळतात. अधिकृत भाषांतरकाराकडून सगळं करून घ्या. सगळं.” मग ताटलीतल्या उरलेल्या दोन वड्यांकडे पाहिलं. “हे करायला किती वेळ लागला?”

क्रांतीनं विचारलं. प्रभाबाई उत्तर द्यायला तयार होईनात. घरी आलेल्याला आपले कष्ट सांगायचे म्हणजे खाल्लेल्या घासाची किंमत सांगितल्यासारखं.

“आई. बिट्टे. सांग ना.”

“तीन दिवस,” प्रभाबाई म्हणाल्या. “सोमवारी निवडली. डाव्या हातानं काडी काडी. मंगळवारी चिरली, विळी पायाखाली दाबून. दुपारी हात फार ठणकायला लागला म्हणून निजले. पीठ कालवलं, उकडलं. आज तळली. आधी...” त्या थांबल्या. “आधी वीस माणसांची तासाभरात करत होते. आंबेडकर जयंतीला हॉलमध्ये दोनशे वड्या माझ्या असायच्या. विचारा कुणालाही.”

त्या पहिल्यांदाच फुशारकी मारत होत्या, आणि ती त्यांना शोभत होती.

ओल्टमाननी बूट चढवले. वचन देत नाही, म्हणाले. दारात हात पुढे केला, मग चूक लक्षात येऊन उजवा मागे घेतला, डावा पुढे केला.

पुढच्या बुधवारी पाकीट आलं. आत करार होता आणि एक अट: कामाचा तक्ता पुन्हा भरावा, या वेळी खरा. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. क्रांतीनं पेन घेतलं.

“सकाळचा चहा. डबा. पुढे?”

“मटकी भिजवणं. पण ते काय काम हाय का? ते तर आपोआप होतं.”

“कोण भिजवतं?”

“मी.”

“मग आपोआप नाही होत.” क्रांतीनं लिहिलं. “पुढे.”

“फडक्यात बांधून मोड आणणं. विरजण लावणं. तुझ्या बाबांच्या शर्टाची बटणं. खिडक्या. कुमारभाऊंच्या घरी बाळ झालं तेव्हा महिनाभर डिंकाचे लाडू... ते नाही धरायचं. ते प्रेमानं केलं.”

“अगं, सगळंच तर प्रेमानं केलंस,” सुखदेवराव म्हणाले. “लिही गं क्रांती.”

रकाना भरला, तरी बाई सांगतच होत्या. क्रांतीनं दुसरा कागद जोडला, मग तिसरा. बेरीज सुखदेवरावांनी केली, दोनदा केली, आणि मग चष्मा काढून नुसते बायकोकडे बघत राहिले. एकवीस वर्षं या बाईच्या हातचं खाऊन ते कारखान्यात गेले होते, आणि त्यांच्या घरातली सर्वांत मोठी शिफ्ट कुणाची होती हे त्यांना आज कळत होतं.

“आता सही,” क्रांती म्हणाली. “इथं, आणि इथं.”

पासपोर्टवरची सही उजव्या हाताची होती, गोल, वळणदार. डाव्या हाताची सही प्रभाबाईंनी आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर गिरवली होती. पेन डाव्या हातात घेतलं. कागद सरकू लागला. क्रांती धरायला पुढे झाली.

“थांब,” प्रभाबाई म्हणाल्या.

ओढणीखालून त्यांनी उजवा हात बाहेर काढला, पट्टा बांधलेला. डाव्यानं उचलून तो कागदाच्या कडेवर ठेवला, निजलेलं लेकरू ठेवावं तसा. कागद हलायचा थांबला. मग त्या वाकल्या आणि सावकाश, एक एक अक्षर काढत, त्यांनी आपलं नाव लिहिलं.