शेळीची खुरं

सून प्रतिभा दिवाळीत तिसऱ्यांदा गोड बोलली, तेव्हा रतनबाईनं ठरवलं, आता सावध राहायचं.

"आत्याबाई, वडगावात एकट्या कशाला ऱ्हाता? कारेगावला या. खोली रिकामीच हाय."

कारेगावात खोली रिकामी? कंपनीतली पोरं जिन्याखालीसुद्धा भाड्यानं झोपतात, आणि प्रतिभाचीच तेवढी रिकामी!

"आधी भिंगरीला न्या," रतनबाई म्हणाली. "तिला मानवलं तर मी यीन."

हनुमंत हसला. "आये, शेळी काय सांगणार हाय?"

"तुमच्यापरीस खरं सांगंल."

भिंगरी टेम्पोत बसून गेली. संक्रांतीला रतनबाई न कळवताच कारेगावात उतरली. सांगून गेलं की माणसं झाडून-पुसून ठेवतात.

खोलीत नवी गादी, भिंतीवर खंडोबा. एवढं कशापायी? पाणीही न पिता ती मागच्या अंगणात गेली. फरशीवर भिंगरी उभी. केस तकतकीत, पोट भरलेलं, कास चांगली. पापणी उलटून बघितली, आतून लाल, म्हणजे रक्तही चांगलं. खोट सापडेना तसा संशय वाढला. तेवढ्यात प्रतिभा आली आणि शेळी सरळ तिचा पदर चघळायला लागली.

"फितूर झाली व्हय गं?"

"सकाळी माझ्यासंगं चहा-बटर खाती, आत्याबाई."

मग सवयीनं रतनबाईनं भिंगरीचा पाय उचलला. खूर वाढून पुढं वळलं होतं. वडगावच्या मुरमात ते आपसूक झिजायचं.

"हिला सोडत न्हाईस?"

"कुठं सोडू? दारासमोरनं ट्रक जात्यात. जपायला नको?" प्रतिभाचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं का?"

रतनबाईनं भिंगरीचा पाय खाली ठेवला. लबाडी शोधायला आली होती, ती काही सापडली नाही. नुसती मायाच निघाली, आणि त्या मायेचंच तिला जास्त भ्या वाटलं.

"न्हाई पोरी. तुझ्यात खोट न्हाई. इळा आण."

फरशीवर बसून तिनं चारी खुरं तासली. चहा घेतला. मग दावं सोडून हाताला गुंडाळलं.

"आन् खोली?" प्रतिभानं विचारलं.

"भाड्यानं दे. सणाला यीन मी. हिलाबी आणीन, तुझं बटर खायला."

हनुमंतानं टेम्पो ठरवला. रतनबाई नको म्हणाली नाही, फक्त वडगावच्या अलीकडं, माळाशीच उतरली. भिंगरी पहिल्या दगडाला अडखळली.

"चल," रतनबाई तिला म्हणाली, "मला काय घाई न्हाई."