सरांच्या परसातला आवाज

"सर, तुमच्या परसात रोज सकाळी कोण ओरडतं?"

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती, कारण साडेसहाच्या शिकवणीत सरांना गणिताशिवाय काही विचारायची कुणाची छाती नव्हती. मी विचारलं.

"फाटक," सर म्हणाले. "दोनदा तेल घातलं, तरी कुरकुरतंच."

"फाटक नाही सर, पक्षी आहे. या, दाखवते."

खिडकीबाहेर कपड्यांच्या दोरीवर काळ्या डोक्याचा, पांढऱ्या गालांचा मूठभर जीव मान वर करून बसला होता. सर हातात खडू धरून बघतच राहिले.

"अगं, हा तर गातोय," ते हळूच म्हणाले. पुढची दहा मिनिटं कुणी एक गणित सोडवलं नाही आणि कुणाचं काही बिघडलंही नाही.

मला मात्र आमचं घर आठवलं. आमच्या परसातही असेच येतात, आणि शिकवणी लागल्यापासून मी त्यांना एकदाही ऐकलं नव्हतं.

घरी आल्या आल्या, दप्तरही न उतरवता मी सांगितलं, "आई, बाबा, उद्यापासून मी संध्याकाळच्या शिकवणीला जाणार. सरांना विचारून आलेय. सकाळी मी परसात असेन. तुम्हीही या, चहा मी करते."