हात जोडायचं पान

मी एक जुनी फाइल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोन कड्यांची, कोपरे झिजलेली. यवतमाळच्या एका दवाखान्यात हाताच्या उपचारांची खोली आहे, तिथे माझा मुक्काम. मित्रांनो, फायलीची कसली आलीय कहाणी, म्हणून नाक मुरडू नका. माझ्या पोटात जे आहे ते भल्याभल्यांच्या डोक्यात नसतं, असं मी बरीच वर्षं मानत आले.

मला घडवलं गझाला मॅडमनी. त्या इथल्या थेरपिस्ट, म्हणजे ऑपरेशननंतर आखडलेला हात पुन्हा कामाला लावणाऱ्या. नव्या होत्या तेव्हा त्यांनी इंटरनेटवरून हाताच्या उपचारांची माहिती शोधली, इंग्रजीतली मराठीत उतरवली आणि पानांना भोकं पाडून माझ्यात लावली. कोणत्या दुखापतीला कोणता व्यायाम, कितव्या आठवड्यात बोट किती वाकवायचं, काय मुळीच करायचं नाही, सगळं चित्रांसकट. वणीचे खाणकामगार आले, कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात बोटं अडकलेले आले. प्रत्येकाला माझ्यातल्या पानाची झेरॉक्स मिळायची. मोठे डॉक्टरही मला मागून न्यायचे. मी फुगले नसते तरच नवल!

पुढे मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ आले आणि मी कपाटात गेले, रिकाम्या खोक्यांखाली. दोन वर्षं धूळ खात पडले. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मग मुकुटबनच्या पंचफुलाबाई आल्या. त्यांचा फोन साधा, बटणांचा. व्हिडिओ पाहणार कशावर? मॅडमनी मला बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं.

पंचफुलाबाई गावात ब्लाउज शिवतात. शेळीसाठी चारा कापताना विळा उजव्या तळहातावर बसला आणि दोन बोटं वाकवणाऱ्या शिरा, म्हणजे कंडरा, तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या. आता बोटं पुन्हा वाकली तरच हातात कात्री येणार, नाहीतर शिवणकाम कायमचं सुटलं. मॅडमनी गरम पाण्यात प्लास्टिक मऊ करून त्यांच्या हातावर साचा घडवला. त्याला स्प्लिंट म्हणतात. त्यात मनगट आणि बोटं थोडी वाकलेलीच राहतात, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. सहा आठवडे तो काढायचा नाही, असं मॅडमनी बजावलं. जोडीला माझ्यातलं पान दिलं: उचलू नका, पिळू नका, मूठ आवळू नका. बाईंनी ते घरी मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं आणि शब्दन् शब्द पाळला.

तिसऱ्या आठवड्यात पौर्णिमा आली. बाई बुद्धविहारात गेल्या. वंदना सुरू झाली तशी त्यांनी स्प्लिंट काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही तळवे जुळवले. मनगट मागे गेलं, बोटं ताठ झाली, कच्ची शिवण ताणली गेली. कळ थेट कोपरापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या रडत यवतमाळला आल्या.

मॅडमचा चेहरा उतरला. साचा काहून काढला, म्हणून त्या रागावल्याच. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कागदावर उचलू नका हाय, पिळू नका हाय. हात जोडू नका, असं कुठी हाय? मंग वंदनेले मी हात न जोडता कशी उभी राहू?"

मॅडमनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. माझ्यात बरणी उघडणारे हात होते, टेनिस खेळणारेसुद्धा होते. जोडलेले हात एकाही पानावर नव्हते. मित्रांनो, माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

"मावशी, तुमची काही चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "चूक आमच्या कागदाची हाय."

डॉक्टर आले. त्यांनी एकेका बोटाचं मधलं पेर धरलं आणि टोक हलकेच वाकवायला सांगितलं. एक बोट हललं. दुसरं हलेना. क्षणभर थांबून तेही हललं. शिवलेल्या शिरा शाबूत होत्या. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी मॅडम नमाज पढल्या. सजद्यात तळवे जमिनीला टेकतात तेव्हाही मनगट तसंच मागे जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं. परत आल्या त्या पेन घेऊनच. एका कोऱ्या कागदावर त्यांनी जोडलेले हात काढले, शेजारी सजदा काढला, दोन्हींवर फुली मारली. नंतरच्या खेपेला पंचफुलाबाईंनी विहारातल्या भंतेजींना विचारून आणलं, नुसती मान लववली तरी वंदना होते. तेही पानावर लिहिलं गेलं. पुढच्याच आठवड्यात अय्यूबभाई मेकॅनिक तशीच जखम घेऊन आले. पान बघून म्हणाले, बरं झालं सांगितलं, मी तर साचा काढून दिवसातून पाच वेळा हात टेकवला असता.

बाराव्या आठवड्यात पंचफुलाबाई आपली कात्री फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. मॅडमनी जुन्या चादरीचा तुकडा पुढे केला. एक बोट अजून जरा आखडलेलं होतं, पण कात्री चालली, कापड सरळ फाकत गेलं. बाईंनी शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचं माप द्या."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, ओलीपासून जपा, एवढं मागायचा हक्क म्हातारीला आहेच. पण मी पूर्ण आहे असं समजू नका. पुढ्यात माणूस बसला की आधी विचारा, हे हात दिवसभर काय काय करतात? माझ्यात नसलेलं उत्तर मिळालं, तर ते लिहा आणि मला लावा. माझ्या कड्यांत अजून बरीच जागा आहे.