वरचा सूर

मुख्य गायकाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो पुन्हा गाणार नाही हे कळलं, तेव्हा रॉक बँडमधले सगळे तिच्याकडे बघू लागले. इतकी वर्षं त्याच्या मागे नाचत ती वरच्या सुरात साथ करत आली होती. गाणी तिला तोंडपाठ. आज संध्याकाळच्या कार्यक्रमात लोकांना ती पसंत पडली तर पुढची जागा तिची. नाहीतर बाहेरून नवा गायक आणायचं ठरलं होतं.

दुपारच्या तालमीत ती पुढच्या माइकपाशी उभी राहिली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला आवाज आपसूक वर चढला आणि साथीच्या चालीवर जाऊन बसला. पायही मागे सरकले.

ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या. "अगं, साथ कुणाला करतेयस? तो घरी झोपलाय."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही. आता कुणी थट्टा केली नाही.

खालच्या सुरातली तिची जोडीदारीण, जिला सगळे बुटकी म्हणत, पाणी घेऊन आली. "तुझी जागा रिकामी आहे, म्हणून जीव तिकडे ओढ घेतोय. वरचा सूर मला दे."

"आजच्यापुरता?"

"परत करायला तो काय शेजारणीची वाटी आहे? घेतला की घेतला."

तिने पाण्याचा घोट घेतला. बुटकीचा खालचा सूर तिच्या गळ्यात उतरत नव्हता. आज फसलं, तर मागेही उभं राहायला जागा उरणार नव्हती.

"तुला येतो तो?"

"इतकी वर्षं कानाशी ओरडतेयस बाई. न येऊन सांगते कुणाला!"

"घे," ती म्हणाली.

ड्रम सुरू झाले. दुसऱ्या ओळीला मागून तिचीच चाल आली, शेवटच्या अक्षरावरच्या हलक्या ओढीसकट. ती तिने अशी बाहेरून कधी ऐकलीच नव्हती. या वेळी तिचा आवाज वर गेला नाही. तिथे आता दुसरं कुणीतरी होतं. गाण्याची सरळ चाल धरून ती शेवटपर्यंत गेली. डोळ्यांसमोर कुणाची पाठ नव्हती, नुसत्या खुर्च्या होत्या.

गाणं संपलं. तिने वळून पाहिलं. जमिनीवरच्या तिच्या खुणेच्या पट्टीवर बुटकीचे पाय होते.

"दुसऱ्या कडव्यात गिरकी घ्यायच्या आधीच श्वास भर," ती बुटकीला म्हणाली. "नंतर सवड मिळत नाही."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.