हातमोज्याचं बाळ

गिधाडाचं पिल्लू दोन दिवस उपाशी होतं आणि रखवालदाराचा जीव टांगणीला लागला होता. गिधाडं आता नावालाच उरलेली, त्यात यंदा गिधाड संवर्धन केंद्रात जन्मलेलं हे एकुलतं एक. पिल्लाला माणसांची सवय लागू नये म्हणून त्याला भिंतीतल्या भोकातून, गिधाडाच्या तोंडाचा हातमोजा घालून भरवायचं. हातमोजा बायकोने जुन्या स्वेटरचा शिवलेला. पिल्लू त्याच्याकडे ढुंकूनही बघेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत एक म्हातारं गिधाड सोडलं. त्याने पिल्लाकडे पाठ फिरवली, हातमोज्याकडे मायेने पाहिलं आणि पोटातलं मांस त्याच्याच चोचीत ओकलं. आतल्या रखवालदाराच्या हातावर, पार कोपरापर्यंत!

"हात काढायचा नाही हं," बाई कुजबुजल्या.

"बाई, गरम आहे हो!"

तेवढ्यात पिल्लाचा तिळपापड झाला. त्याने हातमोज्याला ढुशी मारली, म्हाताऱ्यापुढे चोच वासली आणि गळा फुगेपर्यंत हादडलं.

"जेवलं का?" घरी बायकोने नाक दाबून विचारलं.

"पोटभर! म्हाताऱ्याला आधी तुझा हातमोजाच देखणा वाटला."

"वाटणारच," ती फुशारली. "आता दारातच थांबा, बादली आणते."