पिवळ्या महाराजांचा लाल हात

"लाल झालं गं, लाल झालं!" बायका एकमेकींच्या अंगावर पडून बघत होत्या. पाण्याच्या टाकीखाली पिवळे महाराज बसलेले. आजारी पोराच्या तळहाताला पिवळं भस्म चोळायचे, हात समोरच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडवायचे, की झाला लालभडक!

माझ्या नातवाचाही हात लाल झाला, तसे महाराज माझ्या लेकीला म्हणाले, "बघ, पोटातली बाधा रक्त होऊन बाहेर आली! आता सात दिवस या हातांना पाणी लावू नकोस. बाधा परत आत शिरेल."

मी धोबीण. चाळीस वर्षं लोकांचे डाग काढतेय. लेकीला म्हटलं, "अगं, सगळ्या आजारी पोरांचे हात त्याच एका घंगाळात? आणि वर धुवायचे नाहीत?"

"आई, तू गप्प बस. महाराज ऐकतील."

मी गप्प बसले. चुकलंच माझं. नातू तीन वर्षांचा. शी करून यायचा आणि त्याच हातांनी जेवायचा. पोट आधीच बिघडलेलं, चौथ्या दिवशी जुलाबांनी पार गळून गेला. डोळे खोल गेले, रडताना पाणीसुद्धा येईना. तसाच उचलून दवाखान्यात पळाले. नर्सबाईंनी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, त्याचे हात साबणाने खसाखसा धुतले आणि मला झापलं, "आजीबाई, घरात साबण नाही का?"

साबण! धोबिणीच्या घरात! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी पोरगं जरा उठून बसलं, तर लेक पुन्हा त्याला घेऊन टाकीकडे निघाली. "हात धुतलेत ना त्याचे! आता बाधा शिरेल."

माझं टाळकंच सरकलं. कपड्यांचा ओला साबण उचलला आणि तिच्यामागे धावले. महाराज नातवाचा हात धरणार, एवढ्यात मी त्यांचाच धरला. मनगटापर्यंत पिवळा.

"बाई, दूर हो! जळून खाक होशील!"

"होऊ दे. आधी हा डाग बघू."

साबण घासला. महाराजांचा तळवा लालभडक!

"बघा गं बायांनो, महाराजांनाच बाधा झालीय!"

हशा पिकला. मी म्हटलं, "हे भस्म म्हणजे हळद. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. कपडे धुताना रोज बघतो आपण, तरी इथे डोळे मिटून बसलो."

"पण माझ्या घंगाळात साबण कुठे आहे?" महाराज गरजले.

मी घंगाळच पालथं केलं. तळाशी पांढरा गाळ. गर्दीत भिंती रंगवणारा एक जण होता, त्यानं तो बोटावर घेतला. "अहो, हा तर चुना! आम्ही भिंतींना मारतो तोच." चुन्याच्या पाण्यानंही हळद लालच होते. महाराजांनी धोतर सावरलं आणि पळ काढला.

लेक नातवाला छातीशी धरून उभी होती. "आई," ती रडत म्हणाली, "मी याला मारलं असतं गं."

"मीही गप्प बसले होते. आता हात पुढे कर."

नळाखाली आधी तिचे धुतले, मग नातवाचे. नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं. मग बायांकडे वळले. "शी करून आल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. पोरांचे आणि तुमचेही. आणि कुणा महाराजाचा शाप लागेल असं वाटलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. साबण भरपूर आहे."